आवतणाचा लूप

या ग्रुपवरचे भुताखेतांचे अनुभव मी आजवर फक्त हसायला वाचले. "आधी घरातलं वायरिंग तपासा" अशी कॉमेंट टाकणारा एक आगाऊ माणूस असतो ना... तो मीच. लग्नांना साउंड लावतो आणि उरलेल्या वेळात आमच्या रॉक बँडमध्ये वाजवतो. प्रत्येक विचित्र आवाजामागे एखादी ढिली केबल असते, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहिताना जरा लाज वाटतेय.

पोयनाडवरून धरमतर खाडीकडे आत वळलं की आमचं गाव. पूर्वी आमची मिठागरं होती, आता ट्रक आहेत. सकाळी ट्रक बाहेर पडले की गॅरेज रिकामं होतं आणि तोच आमचा स्टुडिओ. भिंतींना जुनी गोणपाटं टांगलीत, म्हणजे आवाज घुमत नाही. मी गिटारवर, माझा मित्र गौरव ड्रम्सवर.

आमच्या नव्या गाण्याचं नाव 'पायाखालचं आभाळ'. बंद पडलेल्या मिठागरात पाणी साचतं आणि त्यात अख्खं आभाळ उतरतं. लहानपणी बांधावरून चालताना मला वाटायचं, पाय घसरला तर आपण थेट वर पडू! एवढंच ते गाणं. सायकेडेलिक रॉक — गौरवच्या बाबांच्या मते 'मिक्सरमधी खिले टाकल्यावानी'. शब्द थोडे, गिटारवर भरपूर फझ, म्हणजे मुद्दाम फाटका केलेला आवाज, आणि खाली एकच सूर सतत धरून ठेवलेला. फक्त मध्ये काहीतरी गोल गोल फिरणारं हवं होतं, ऐकणाऱ्याला गुंगी आणणारं. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर सुचलं — अरे, आत्या!

बेबीआत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, आमच्याकडची धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे विधींची पारंपरिक गाणी, गाते ती धवलारीण. तिच्या नातीचं, पूर्वाचं लग्न तोंडावर आलं होतं. पूर्वाची आई ती लहान असतानाच गेली, तिला वाढवलं आत्यानेच. "तिच्या हलदीला असा गाईन का खारीपल्यार ऐकू जाईल," असं आत्या येईल त्याला सांगायची.

आत्या हौसेने माइकसमोर बसली आणि तिने आवतण धरलं. धवल्यांत आधी देवांना, घरातल्या गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलावतात, ते आवतण. ऐकून अंगावर काटा आला. मला हवा तेवढा तुकडा मिळाला तसं मी थांबवलं.

"बस आत्या, भारी!"

"आरं, पुरा तरी करू दे र!"

"एवढंच लागतंय गं."

तो तुकडा कापला, लूप केला आणि गाण्याच्या मध्यात टाकला. आवतण पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा.

दुसऱ्या दिवशी आत्याचा आवाज गेला. सर्दी नाही, दुखणं नाही. ओठ हलायचे, आवाज फुटायचा नाही. पेणच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं, घसा स्वच्छ. आत्या गळ्यावर हात ठेवून पूर्वाकडे बघत बसायची.

इकडे गाण्यात भलतंच सुरू झालं. लूप म्हणजे एकाच तुकड्याच्या कॉप्या, त्यात फरक पडूच शकत नाही. पण आमच्या गाण्यात पहिला फेरा स्वच्छ, पुढच्यात बांगड्या वाजलेल्या. मग पावलं. मग कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवली... शेवटाला तर भरलेल्या मांडवाची कुजबुज! तुकडा वेगळा वाजवला की काही नाही. केबल बदलल्या, हेडफोन बदलले, लॅपटॉपसुद्धा बदलला. गौरवने हेडफोन काढून टेबलावर ठेवले. "भावा, ही सगळी येऊन बसलीत. कशाची तरी वाट बघतायत."

दुपारी आई आमचं जेवण घेऊन आली, सोबत आत्या. आईने ते ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"पोऱ्या, तू नुसतं आवतान देत बसलास. सगली आयली. आता त्यांना वाटंला कोन लावील?"

लग्न उरकलं की आलेल्या सगळ्यांना गाऊनच मानाने निरोप द्यायचा असतो. ते आम्ही गाऊच दिलं नव्हतं.

"पण आत्याला आवाज कुठाय?"

"तिनी एकदा बोलवलं. बाकीचं तूच बोलवलंस. बटन कोनी दाबलं?"

झालं. बाईमाणसांचं गाणं, आणि गाणार मी! आई एकेक ओळ सांगत होती, मी ती म्हणत होतो. आत्या मांडीवर ठेका धरून बसलेली. गौरवने सवयीने रेकॉर्डिंग चालू केलेलं. हसू येत होतं आणि रडूही येत होतं. एकेक नाव घेऊन सांगितलं — आलात, बरं वाटलं, आता सुखाने जा. शेवटच्या नावाला माझा आवाज पार फाटला.

वारा सुटला नाही, दिवे लुकलुकले नाहीत. फक्त आत्याच्या कपाळाला आठी पडली.

"आरं बंद कर र मेल्या! देव पलून गेलं आसतील तुजा सूर ऐकून!"

घोगरा, पण तिचाच आवाज! मी लहान पोरासारखा तिच्या गळ्यात पडून रडलो. आई हसता हसता डोळे पुसत होती. इतकं हलकं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

हळदीला आत्या अशी गायली की माझे स्पीकर बाजूला राहिले.

डॉक्टर म्हणतात, ताणाने आवाज जातो, परत येतो. मान्य. पण लूपचं काय? आता तोच प्रोजेक्ट उघडला तर सगळे फेरे स्वच्छ, अगदी सारखे. जुनी एक्स्पोर्ट केलेली फाइलही स्वच्छ. आम्ही सगळ्यांनी जे ऐकलं, ते कुठेच नाही. आणि हो, वायरिंग तपासलंय.

गाण्याच्या शेवटी तो निरोप जोडलाय. गौरव म्हणतो, काप, फार बेसूर आहे. आहेच. पण निरोप संपल्यावर आत्या मला जी शिवी घालते ना, तिच्यासकट तो तसाच राहणार.