दादाच्या नेच्यातलं घरटं

आमच्या बेसा गावातल्या रोपांच्या नर्सरीत किस्से नेच्यासारखे उगवतात. कोणी पेरत नाही, खत घालत नाही, तरी विटांच्या फटीतून एक दिवस डोकं वर! त्यातले बरेचसे माझ्या दादाचे; आम्ही दोघं भाऊ इथेच कामाला. दादा मागच्या महिन्यात तापाने गेला. किस्से मात्र इथेच आहेत.

*

एका मॅडमनी नेच्याची टांगती कुंडी हातात घेऊन दादाला विचारलं, "याला फूल कधी येईल?"

"येत नाही, मॅडम. बीसुद्धा नाही. पानामागं तपकिरी ठिपके आहेत ना, त्यातूनच याचा वंश."

"मग काय उपयोग?"

समोर तारेवर बुलबुल गात होता. दादा म्हणाला, "फूल तर त्यालेही येत नाही. पण ऐकून राहिल्या ना तुम्ही!"

मॅडमनी दोन कुंड्या नेल्या.

*

दादाला प्रत्येकाचा वर्ग लावायचा आणि कोण किती धोक्यात ते सांगायचा नाद.

"बुलबुल म्हणजे प्राणी. कणा असलेला, त्यात पक्षी, त्यात गाणारा. भरपूर आहेत, चिंता नाही. नेचा म्हणजे वनस्पती, बिनफुलाची. आपल्या या जातीचं कसं चाललं आहे, ते अजून कोणी तपासलंच नाही."

"अन् मालकीणकाकू?"

"धोक्यात नाही. धोकादायक!"

काकू मागेच उभ्या होत्या.

"अन् मी?" मी विचारलं.

"तू अतिशय धोक्यात. गाडी हळू चालवत जा बे!"

"अन् तू?"

"मी? चिंता नाही."

*

दादा गेला आणि त्याच्याच लाडक्या नेच्यात बुलबुलाने घरटं केलं. पाणी घातलं तर अंडी भिजणार, नाही घातलं तर नेचा मरणार.

मी तिरीमिरीत पाइप उचलला. "दादाचा नेचा वाळून राहिला, काकू!"

"अन् अंडी कोणाची आहेत गा?"

पक्षीण उडाली नाही. नुसती पाहत राहिली. मी पाइप खाली टाकला.

*

मग मी बाटली उलटी टांगली, तिला सलाईनची नळी जोडली आणि नळीचं टोक कुंडीच्या काठाशी खोचलं. थेंब, थेंब. हिरव्या जाळीखालची दुपार तळ्याच्या तळासारखी. थेंब पडायचा, पक्षीण डोळे मिटायची. मी स्टुलावर बसून नळीकडे बघत होतो, दवाखान्यात बघायचो तसाच.

काकू म्हणाल्या, "जेवून घे गा."

तिथेही हेच म्हणायच्या.

*

परवा एक गिऱ्हाईक आलं. अर्ध्या पिवळ्या नेच्याकडे बोट दाखवून मोठ्याने म्हणालं, "काय हो, हे जिवंत आहे का?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. पानांच्या आत पिल्लं चिवचिवत होती. मी मातीत बोट घातलं.

"तपासून राहिलो, भाऊ," मी म्हटलं. "जरा हळू बोला."