नवऱ्याचा रिपोर्ट माझ्या मोबाइलवर

चार वर्षं तपासण्या फक्त माझ्याच झाल्या. रक्त, थायरॉइड, सोनोग्राफी, गर्भनळ्यांत औषध सोडून काढलेला एक्स-रे. त्या टेबलावर मी ओरडले, तर बाहेर सासू कुणाला तरी सांगत होती, "लई नाजूक हाय आमची सून." माझं सगळं नॉर्मल निघालं. डॉक्टरीणबाई दर वेळी म्हणायच्या, "मिस्टरांना आणा हो. त्यांची तपासणी आधीच व्हायला हवी होती, सोपी असते." सासू फणकारायची, "माझ्या लेकाला काय धाड भरलीया?" आणि लेक बूट घालून घराबाहेर.

शेवटी मला काडीमोड द्यायचा आणि जेऊरची मुलगी करायची, असं माझ्यासमोरच ठरलं. मुलीचा बाप मात्र खमक्या. "पावनं, आदी तुमची तपासणी करून दावा, मग सुपारी फोडू."

नवरा गुपचूप सात रस्ता चौकाजवळच्या आमच्या नेहमीच्या लॅबमध्ये गेला. तिथं दोघांची फाइल एकच, आणि चार वर्षं मीच एकटी जात असल्यामुळं तिच्यावर नंबर माझा. रिपोर्ट माझ्या मोबाइलवर आला. शुक्राणू आढळले नाहीत. एकही नाही! हा पठ्ठ्या मात्र घरी येऊन म्हणतो, "एकदम ओके." जेऊरलाही त्यानं फोनवर तसंच कळवलं, कागद सुपारीला आणतो म्हणून. सासूनं पेढे वाटले. मलाही एक दिला. खाल्ला मी.

सुपारीच्या दिवशी त्यांच्या आधीची गाडी पकडून मी जेऊर गाठलं. मुलीच्या बापाच्या हातात मोबाइल दिला. ही मंडळी साडी-नारळ घेऊन आली, तेव्हा मी ओसरीत बसून चहा पीत होते. बापानं भर अंगणात, शेजाऱ्यापाजाऱ्यांदेखत रिपोर्ट वाचून दाखवला. नवऱ्याचं तोंड असं काही उतरलं, की काय सांगू! जिवाला बरं वाटलं, अगदी बरं.

सासू किंचाळली, "घराण्याची अब्रू घालवलीस की गं!"

"व्हय, घालवली," म्हटलं. "आता बसा, चहा घ्या."

काडीमोडाचं नाव नंतर कुणी काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट डॉक्टरीणबाईंना दाखवला. त्या म्हणाल्या, एका तपासणीवर काही ठरत नाही, पुन्हा करायची. कधी कधी नुसती वाट बंद असते, मग सुईनं शुक्राणू काढता येतात, तुमचं दोघांचं मूल होऊ शकतं.

नवरा लाजेनं दवाखान्याची पायरी चढलाच नाही. सगळं संपलं, असंच तो धरून चाललाय. मला मूल हवं होतं, अजूनही हवंय. तरी डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, ते मी त्याला सांगितलेलं नाही.