पातळ फळीची गिटार

टकटकमास्तरांना गल्लीत कुणी खऱ्या नावानं हाक मारत नसे. दिसेल ती वस्तू बोटाच्या पेरानं ठोकायची आणि कान लावायचा, ही त्यांची खोड. दार, टेबल, कलिंगड, काही म्हणून सुटायचं नाही. एकदा डॉक्टर त्यांची पाठ ठोकून बघत होते, तर हेच म्हणाले, "जरा डावीकडं ठोका, तिथं पोकळ लागतंय."

गिटार बनवणं हा त्यांचा धंदा. घराच्या मागच्या खोलीत रंधे, पटाश्या आणि सरसाचं भांडं यांच्या संगतीत उभा जन्म गेला. नाव झालं, तेही दूरवर. पण झालं ते एका गिटारीमुळं, आणि नेमकी तीच त्यांच्या डोळ्यांत सलायची.

ती त्यांनी ऐन उमेदीत केली होती. गिटारीचा सगळा आवाज समोरच्या फळीतून निघतो. ती फळी रंधता रंधता यांनी इतकी पातळ केली की उजेडाला धरली तर पलीकडच्या बोटांची सावली दिसावी. एखाद्या मुरलेल्या कारागिरानं हात आवरला असता. यांनी ठोकून पाहिलं, फळी गायली, आणि हे भुलले. आवाज असा लागला की ऐकणाऱ्यानं हातातलं काम विसरावं. मासिकांत लेख आले, लांबून माणसं यायला लागली. येईल तो म्हणायचा, "तसलीच एक करून द्या."

पण मास्तर पुढं शहाणे झाले होते. पातळ फळी तारांच्या ओढीनं हळूहळू खचते, हे त्यांना उशिरा का होईना कळलं होतं. ते फळी जाड ठेवत. नवी गिटार वाजवून गिऱ्हाईक म्हणे, "सुंदर आहे हो, पण ती..."

"ती, ती, ती!" मास्तर बायकोपुढं करवादत. "मी गेल्यासारखं बोलतात मेले! जिवंत आहे मी."

"मग जिवंत माणसासारखं जेवून घ्या. गार होतंय."

एके दिवशी तीच गिटार दारात आली. ती विकत घेणाऱ्या गृहस्थांची मुलगी आता गिटारीचे क्लास घेत होती. मास्तरांनी तिला फ्रॉकात पाहिलेलं.

"काका, खरखर येतेय. तेवढी काढून द्या. उघडायची मात्र नाही."

मास्तरांनी तारा उतरवल्या, भोकातून छोटा आरसा आत घातला आणि कपाळाला हात लावला. तारा जिथं अडकवतात त्या घोडीपाशी फळी खचली होती. फळीला आतून आधार देणारी एक पट्टी सुटली होती आणि तिच्या कडेनं केसाएवढी चीर निघाली होती.

"अगं, खरखर म्हणजे नुसता ताप. आजार आत आहे! फळी काढून नव्या पट्ट्या बसवू दे मला. नाहीतर एक दिवस वाजवता वाजवता फुटेल."

"पण हिच्यावर मासिकात लेख लिहिणारे जाणकार आहेत ना, ते म्हणतात, उघडली की ती तुमची गिटार राहणार नाही."

"माझी म्हणजे कुणाची? केली कुणी ती? माझ्या आजोबांनी?"

"तेव्हाचे तुम्ही वेगळे होतात म्हणे."

मास्तर नुसतेच नाकानं फुसफुसले.

ती जरा वरमली. मग हळूच म्हणाली, "बरं, मला एवढंच सांगा. उघडली तर आवाज हाच राहील?"

तिच्यामागं दारात मास्तरांची बायको उभी होती. ती जोरजोरानं मान हलवत होती: हो म्हणा, हो म्हणून मोकळे व्हा! एका शब्दाचं काम होतं. गिटार वाचली असती. मास्तरांनी तोंड उघडलं, आणि त्या कारागिराच्या जिभेला खोटं काही झेपेना.

"जवळजवळ हाच राहील."

"जवळजवळ?" तिनं गिटार जवळ ओढली. "बाबा शेवटी अंथरुणावर पडून हिचंच ऐकायचे, काका. मला जवळजवळ नको."

"अगं वेडे, आवाज सांभाळशील आणि गिटार घालवून बसशील!"

"जाईल तेव्हा जाईल."

बायकोनं कपाळ बडवून घेतलं आणि ती आत गेली.

शेवटी मास्तरांनी दोन बोटं भोकात घालून सुटलेल्या पट्टीखाली लाकडाची एक कपची सरकवली. खरखर तेवढ्यानंच थांबणार होती. चीर होती तिथंच राहिली. त्यांनी तारा चढवल्या, पण मुद्दाम सैल ठेवल्या. "अशाच असू देत. वाजवायच्या वेळीच काय त्या ताण," असं त्यांनी तिला परत परत बजावलं.

"हो काका," म्हणत ती बाहेर पडली आणि खरखर गेली का ते बघायला पायरीवरच बसली. मास्तरांना आतून एकेक तार चढताना ऐकू येत होती. दर पिळाला त्यांचे खांदे वर जात होते. कडकन आवाज होईल म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले.

कडकन काही झालं नाही. सूर आला.

"ऐकलंस?" ते ओरडले.

"ऐकलं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "काय गोड वाजते हो!"

"तेच तर!"

ते तरातरा दाराशी गेले. तारा आत्ताच्या आत्ता उतरव म्हणून तिला खडसावायचं होतं. पण ती एका गाण्याच्या मध्यावर होती, आणि चालू गाणं मधेच तोडायचं त्यांच्या जिवावर आलं. संपू दे, मग बोलू, म्हणून ते चरफडत उंबऱ्यात तिष्ठत राहिले. ती काही थांबेना.