बेसिंगस्टोक ते एडिनबरा, व्हाया शॉर्टस्टॉप

मे अखेरच्या बँक हॉलिडेच्या लाँग वीकेंडला एडिनबरा बघायचं, एकटीने, ट्रेनने, हे माझं मार्चमध्येच ठरलं होतं. मग आमच्या बेसबॉल क्लबची मॅच त्याच रविवारी तिथे लागली. क्लबची स्कोअरची वही मी ठेवते. ऑफिसातल्या मंदारने क्लबमध्ये ओढलं तेव्हा मला हा खेळ अजिबात येत नव्हता; कॉलेजात क्रिकेटचं स्कोअरिंग केलं होतं, तेवढ्यावर निवड झाली. ट्रेनचं तिकीट रद्द केलं.

शनिवारी सकाळी सहाला निघालो. गाडी माझी, शेजारी नकाशाच्या प्रिंटआउट्स घेऊन मंदार, मागे दाते काका. काका रिटायर्ड सिव्हिल इंजिनिअर, तीस वर्षं इथे. त्यांचा मुलगा नील हा आमचा एक शॉर्टस्टॉप. दुसरा केदार, नागपूरचा, मंदारचा हाउसमेट. शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला फील्डर. सगळ्यात कठीण बॉल त्याच्याकडे येतात. जागा एक, माणसं दोन. खेळाडू कॅप्टनच्या व्हॅनमधून आधीच गेले होते.

कोणाला खेळवायचं हा वाद A34 हायवेला लागताच सुरू झाला. मला वाटलं होतं, प्रत्येक जण आपल्या माणसाची बाजू घेईल. झालं उलटंच. काका केदारच्या बाजूने, मंदार नीलच्या. केदारचे सीझनमध्ये दोन एरर, म्हणजे फील्डरच्या नावावर लिहिलेल्या चुका, नीलचे नऊ, हे काकांना पाठ होतं. मंदारचं म्हणणं, केदार बॉलपर्यंत पोचतच नाही, मग चुकणार कसा?

"म्हणजे गाडी घराबाहेर न काढणारा बेस्ट ड्रायव्हर," मंदार म्हणाला. "ॲक्सिडेंट झीरो."

"आकडे आहेत, मंदार. आणि ते हिने लिहिलेत."

मी लेन बदलली.

जाणाऱ्यांसाठी: बँक हॉलिडेला बर्मिंगहॅमजवळ M6 टोल घ्याच, पैसे वसूल होतात. लँकेस्टरनंतर डोंगर सुरू होतात आणि रस्ता एकदम सुंदर होतो. मी तो शांततेत बघितला असता. तिथे काकूंच्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाताना दोघं फक्त तोंड भरलं असेल तेवढाच वेळ गप्प होते. पुढे ॲबिंग्टनला मोटरवे सोडून A702 धरा. वळणं आहेत, पण मेंढ्या आणि आकाश याशिवाय काही नाही. चारला पोचलो. गेस्ट हाउस साधं, माणशी अठ्ठावीस पाउंड, ब्रेकफास्टसकट. शाकाहारी असाल तर आदल्या दिवशीच सांगा.

आर्थर्स सीट ही शहरातली टेकडी मी एकटीने चढून आले. पाऊण तास, चांगले बूट हवेत, वर वारा माणसाला ढकलतो. खाली आले तेव्हा कॅप्टन लाउंजमध्ये वहीसाठी थांबला होता. मी आकडे वाचले. दोन आणि नऊ. त्याने केदारला निवडलं. नील तिथेच होता. "फेअर इनफ," म्हणाला आणि बाहेर गेला. काका मला म्हणाले, इमोशनवर टीम निवडत नाहीत.

रविवारी मैदानावर यजमान टीमची स्कोअरर माझ्या शेजारी बसली. मॉइरा, साठीची, गुडघ्यांवर ब्लँकेट. केदारपासून दोन पावलांवरून चार बॉल गेले. चारही हिट, म्हणजे श्रेय बॅटरचं; नियमाने एरर नाहीच. दर वेळी मागून मंदार म्हणे, नील पोचला असता. आणि काका: "पण घेतला असता का?" पाचव्या इनिंगला केदारचा घोटा मुरगळला आणि नील आत आला.

दुसराच बॉल, जोरात, त्याच्या डावीकडे. नीलने अख्खं शरीर झोकून दिलं. बॉल ग्लोव्हला लागून निसटला. मी एरर लिहिला.

मॉइराने माझ्या वहीत पाहिलं आणि विचारलं, का? मी म्हटलं, हाताला लागला होता. त्याचा काय संबंध, असं तिने अगदी शांतपणे विचारलं आणि नियमांचं पुस्तक उघडून बोट ठेवलं. साधारण प्रयत्नात जमला असता, तरच एरर. हा हिट होता.

आपल्याकडे क्रिकेटमध्ये हाताला लागला की कॅच "सोडला". कठीण असला तर "सुटला" म्हणायची सवलत आहे, पण ती घरच्यांनी द्यायची. मी अख्खा सीझन तसाच लिहिला होता. म्हणजे जो पोचला त्यालाच दंड.

मॅच हरलो. नीलला गाठून सांगितलं की तुझे एरर मी चुकीचे मोजले.

तो बुटांची माती काढत होता. "मला वाटला तुला रूल्स माहीत आहे. आणि बाबा डिनरला ते नंबर्स रोज वाचायचे ना, सो मी पण बिलीव्ह केला."

सोमवारी परतताना काकांना सांगितलं. मंदार कार्लाइलपर्यंत असह्य होता.

"मग खरे किती?" काकांनी विचारलं.

"सांगता येत नाही. मी फक्त एरर लिहिलं. बॉल किती जोरात होता, किती लांब, काहीच नाही."

"अंदाजे?"

"अंदाज नाही देणार, काका."

मग M6 भर कोणी वाद घातला नाही. मला तेही आवडलं नाही.

घरी आल्याआल्या कॅप्टनला मेल टाकली की एररचा रकाना बाद समजावा. एडिनबराचं म्हणाल तर कॅसल राहिलाच. पुन्हा जाईन, ट्रेनने. तुम्ही मे महिन्यात जा, गर्दी कमी असते. डोंगर लक्षात आहेत. त्याहून जास्त लक्षात आहे ते "रोज वाचायचे ना".

गुरुवारी काकांचा फोन आला. नीलला विचारलं म्हणाले, त्याला नऊच्या नऊ आठवतात, कुठल्या मैदानावर, कुठल्या बाजूला.

"त्याच्या मते पाच खरे. माझ्या मते चार. वेंब्लीजवळचा तो घेणं कोणालाच शक्य नव्हतं. मी तिथे होतो."

मी म्हटलं, काका, आता वहीत बदल करता येणार नाही.

"वहीसाठी नाही केला फोन," काका म्हणाले.