सुदामनं पाहिलेला मासा

सुदाम वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत पाठीला डबा बांधल्याशिवाय विहिरीत उतरला नाही. आमच्या नांदूरघाटात सात-आठ वर्षांची पोरं डबा सोडून मुटके मारायची, आणि हा बहाद्दर पायरीवर बसून पाय भिजवायचा. चिडवलं की म्हणायचा, "घाई कावून? पानी कुटं पळून चाललंय?"

मी त्याच्या उलट. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला तळाशी फुटबॉल असतो, पाणी आत घेणारी जाळीची झडप. ती गाळानं चोंदली की बोलावणं मलाच. दम कोंडून बुडी मारायची, चाचपडत गाळ काढायचा, वर यायचं. काठावरचे म्हणायचे, "ह्याचा दम लई मोठा हाय बे!" गावात माझी तेवढीच ओळख होती आणि मी ती जिवापाड जपायचो.

पाच वर्षांपूर्वी आम्ही दोघं मालवणला गेलो. तिथं होडीतून प्रवाळाच्या खडकापाशी नेतात, पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी देतात आणि खालचे मासे दाखवतात. होडीतला शिकवणारा सारखा बजावत होता, "काही झालं तरी श्वास रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा." मी मनात हसलो. माझी अख्खी हयात दम कोंडण्यात गेली, हा मला काय शिकवतो! पाण्यात गेलो आणि सवयीनं छाती गच्च. तो खुणा करतोय, मी ऐकतोय कुठं! दोनदा धरून वर आणलं मला. तिसऱ्यांदा तो नाहीच म्हणाला.

मी होडीत बसून राहिलो. आणि सुदाम, तो डब्याचा सुदाम, दुसऱ्या माणसाबरोबर खाली निवांत फिरत होता. त्याचे बुडबुडे वर येत होते. एकेका बुडबुड्यागणिक माझा जळफळाट होत होता, खोटं कशाला बोलू?

गावी आल्यावर चहाच्या हॉटेलात त्याचं एकच पालुपद. "आरं, त्यो मासा आसा तोंडाम्होरं आला..." एवढं कानावर पडलं की मी उठायचो. "म्हशीची धार काढायची हाय," म्हणून सटकायचो. त्याच्याभोवती बसलेली माणसं एकेकाळी माझी होती.

गेल्या साली काविळीनं सुदाम गेला. तेराव्याला मांडवात त्याच्या बायकोनं सगळ्यांदेखत मला विचारलं, "भावजी, ते नेमी म्हनायचे, आमी दोघं खाली गेलतो, दोघांनीबी बगितला. आता तुमीच सांगा, कसा होता त्यो मासा?"

चार वर्षं हा माणूस माझी अब्रू झाकत होता, आणि मी त्याची गोष्ट एकदाही शेवटपर्यंत ऐकली नव्हती. माशाचा रंगसुद्धा मला ठाऊक नव्हता. खोटा सांगता आला असता. जिभेवर आलाही होता.

"वहिनी," मी म्हणालो, "म्या न्हाई बगितला. मी होडीतच बसलो होतो. त्यानं एकट्यानं बगितला."

मी मान खाली घातली आणि तिथंही मला त्याचा हेवाच वाटला. दम कोंडण्यातसुद्धा सुदामच माझ्या पुढं निघाला. चार वर्षं, आणि एक बुडबुडा वर येऊ दिला नाही पठ्ठ्यानं.