भाऊजींचा मेलेला गाल

माझ्या नणंदेच्या नवऱ्याइतका अस्वस्थ माणूस शहागडात तेव्हा नव्हता आणि पुढेही झाला नाही. चहा उभ्याने, दाढी येरझाऱ्या घालत, आणि एसटीत जागा रिकामी असली तरी दारापाशी उभे. "बसलं की दुखणं बी बसतंय," म्हणायचे. घराणं मेंढरं राखणारं, त्यामुळे माणसाचं दुखणंही मेंढराच्याच हिशोबाने पाहायचे: पापणी उलटायची, कान चिमटायचा, नाहीच जमलं तर तापल्या विळ्याचा डाग.

बहात्तरचा दुष्काळ सरल्यावरच्या हिवाळ्यात त्यांना सर्दी धरली. नाक चोंदलं, डोकं जड झालं आणि डावा गाल बधिर पडला. मग सारं गाव पालथं घातलं. शिंपी म्हणाला, तोंडावरून वारं गेलं. न्हावी म्हणाला, सर्दी हाडात शिरली. मी म्हणाले, "दाढ किडली असंल."

"वैनी, दाढ असती तर दुखली असती. हितं काटा टोचला तरी कळत न्हाई!"

खरंच दिवसातून दहादा काटा टोचून पाहायचे. गालाला डाग द्यायला निघाले तेव्हा विळा मीच हिसकावला.

मग ते ताट घेऊन अंगणात जाऊ लागले आणि जेवल्यावर आपणच राखेने घासू लागले. वन्सं जुन्या रीतीच्या, नवऱ्याच्या उष्ट्या ताटातच जेवणाऱ्या. त्या रडायला लागल्या, "माझं काय चुकलं?"

मी त्यांना अंगणात गाठलं. "भाऊजी, महारोगाचं भेव घेतलं का?"

ते मटकन खाली बसले. "बधिर झालं की तेच असतंय. हिला लागलं तर?"

"अन् न सांगता ताटं घासून राह्यले! उठा, जल्दी दवाखान्यात चला."

अंबडच्या डॉक्टरांनी गाल फुगवायला लावले. दोन्ही सारखे फुगले, म्हणजे लकवा नव्हता. अंगावर महारोगाचा चट्टा शोधला, सापडला नाही. वरची दाढ ठोकली तशी भाऊजींनी उडीच मारली. दाढेचा पू वर गालाच्या हाडाच्या पोकळीत साचला होता, त्याने शीर दबली होती. दाढ उपटली, औषध दिलं.

गालाला जाग यायला महिना लागला. पण दुसऱ्याच दिवशी भाऊजी घरात जेवले, दुधात कुस्करलेली भाकरी. शेवटचे दोन घास ठेवून ताट वन्संपुढे सरकवलं. ही रीत मला कधी पटली नाही, मी नवऱ्याचं उष्टं कधी खाल्लं नाही. त्या दिवशी मात्र वन्संपुढे पाण्याचा तांब्या मीच ठेवला. दोनच घास, पण वन्संना ते संपवायला केवढा वेळ लागला.