बाबांनी दोघांना दिलेलं एकच नाव

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर शेवटी येऊन तुम्ही म्हणाल, अवं बाई, एवढं रामायण सांगितलं आणि नाव राहूनच गेलं! राहून गेलेलं नाही, राखून ठेवलंय. तीन अक्षरांचं आहे, जुन्या वळणाचं आहे आणि आमच्या बाबांना फार आवडतं, एवढं पुरे.

बाबांना ते चौतीस वर्षांपासून आवडतं, म्हणजे मी जन्मले तेव्हापासून. खरं तर ते माझंच नाव व्हायचं होतं. आमच्याकडे बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा. ती पाळण्यात वाकते, बाळाच्या कानात कुर्रर्र करते, नाव सांगते आणि बाकीच्या बाया तिच्या पाठीत धपाधप धपाटे घालतात. एकदा नाव कानात गेलं की गेलं, ते परत काढता येत नाही. बाबांनी त्यांच्या बार्शीटाकळीच्या बहिणीला आठ दिवस आधी नाव कळवलं होतं. तिनं बरं म्हटलं होतं. आणि बारशाच्या दिवशी पाळण्यात वाकून बाईनं माझ्या कानात भलतंच नाव सांगितलं. का, तर म्हणे बसमध्ये सुचलं! बार्शीटाकळी ते अमरावती एवढा लांबचा प्रवास, बिचारीनं वेळ घालवायचा तरी कसा.

बाबांनी आपल्या घुगऱ्या वाटायला घेतल्या. कोणाला नाही म्हणता न येणं हा त्यांचा जन्माचा रोग. अमरावतीच्या कडेला आमचा भाजीचा मळा आहे आणि सकाळी बाजारात ते स्वतः बसतात. सांबाराची शेवटची जुडी दोन बायांनी मागितली की दोघींनाही "हाव, तुमालेच ठेवतो" म्हणून मोकळे. मग ती कोथिंबीर अर्धी अर्धी करून दोघींचं ऐकून घेतात. तर अशा माणसानं सख्ख्या बहिणीला पाळण्यापाशी अडवायचं, हे काही होणारं नव्हतं.

हे सगळं मला आईनं सांगितलं. बाबांच्या तोंडून ते नाव मी कधीच ऐकलं नव्हतं. माझं आहे ते नावही काही वाईट नाही. शाळेत माझ्या वर्गात त्या नावाच्या आम्ही चौघीजणी होतो, एवढंच. पण आई म्हणायची, "तुहे बाबा रातभर ते नाव घोकत बसले होते. फाटकातून हाक मारीन अन् पोरगी धावत येईन, असं म्हनत."

लग्न होऊन मी अकोल्याला आले, शाळेत शिकवायला लागले, आणि गेल्या वर्षी मला दिवस गेले. नवऱ्याला सांगितल्यावर दुसरा फोन बाबांना केला. म्हटलं, "बाबा, पोरगी झाली तर तुमचं ते नाव ठेवीन बरं का." बाबांनी तिकडे गिऱ्हाइकाला जरा थांबायला सांगितलं. मग बाबा म्हणाले, "ठेव माय, ठेव." आणि फोन बंद.

मी जगाची मालकीण झाले होते त्या दिवशी. मला काय माहीत की पंधरा दिवसांनी माझ्या धाकट्या भावाच्या घरीही तीच गोड बातमी आली आणि त्यानंही मळ्यात मेथी उपटता उपटता बाबांना तेच विचारलं. आणि बाबा त्यालाही म्हणाले, "ठेव बाप्पा, ठेव."

भांडं फुटलं ते डोहाळजेवणाला. दोघींना दिवस बरोबरच गेलेले, म्हणून आईनं दोघींची ओटी अमरावतीला एकाच दिवशी भरायचं ठरवलं. वहिनीनं हिरवा शालू नेसलेला, मी हिरवीच पैठणी, दोघी फुलांच्या मुकुटात झोपाळ्यावर शेजारी शेजारी. वाट्यांखाली पेढा आणि बर्फी झाकून ठेवली होती. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. वहिनीची बर्फी निघाली, माझीही बर्फीच निघाली. बायांनी नुसता कल्ला केला. कोणीतरी विचारलं, "मंग नाव काय ठेवसान वं पोरींचं?"

वहिनी लाजत लाजत नाव बोलली. मी नेमकी बर्फी तोंडात टाकली होती, ती तशीच राहिली.

"हे कोणी सांगितलं तुला?" मी विचारलं.

"बाबांनी दिलं ताई, यांनी विचारलं होतं त्यांना," वहिनी म्हणाली. तिचा बिचारीचा काय दोष! मी मान वळवली तर बाबा पंगतीत पाणी वाढायचं सोडून, जग तसाच हातात धरून, मागच्या दारानं मळ्याकडे निघालेले. एवढ्या भरभर चालताना मी त्यांना आजवर पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी भावात आणि माझ्यात जी जुंपली ती काय सांगू. मी म्हणाले, मी आधी विचारलं. तो म्हणाला, "ताई, तू काहून मधात येऊन राहिली? मी या घरात राह्यतो, माही पोरगी या घरची." मी म्हणाले, "अन् मी काय उपटसुंभ आहे काय? ते नाव मुळात माहं होतं!" एरवी शाळेत पोरांना शुद्ध बोला म्हणून सांगणारी मी, पण भांडताना माझी जीभ थेट माहेरी जाते. भाऊ म्हणाला, आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, तसं आहे हे तुझं, झालं असतं अन् केलं असतं. मी उशी फेकून मारली. सात महिन्यांच्या पोटानं नेम चुकला आणि ती आईला लागली.

आईनं उशी उचलली आणि तिथल्या तिथे निकाल दिला. "जिले पहिले पोरगी होईन तिचं नाव. आता कोनी आवाज करू नका."

निकाल वहिनीच्या बाजूचा होता, कारण डॉक्टरांनी तिला माझ्याआधी नऊ दिवसांची तारीख दिली होती. पण मीही माझ्या बापाची लेक. बाळंतपणासाठी माहेरी आल्यावर मी सकाळ-संध्याकाळ मळ्याच्या बांधावरून अशा फेऱ्या मारायला लागले की बाबा म्हणायचे, "माय, बांध खचून राहिला, जरा हळू." दोन बाळंतिणी एका छताखाली नकोत म्हणून वहिनी तिच्या माहेरी दर्यापूरला गेली होती. रोज तिचा फोन यायचा, "ताई, काही झालं काय?" मी म्हणायचे, नाही, तुझं? ती म्हणायची, नाही. फोन ठेवल्यावर दोघींना हायसं वाटत असणार.

आणि मी जिंकले! तारखेच्या बारा दिवस आधी मला मुलगी झाली, वहिनीला तिच्यानंतर चार दिवसांनी. तिलाही मुलगीच. वहिनीनं दर्यापूरहून फोन केला आणि म्हणाली, "ताई, नाव तुमचं झालं. आमी मोबाइलवर दुसरं पाहून ठेवलं." चांगलं होतं तेही नाव, दोन अक्षरांचं, अगदी आजकालचं. पण बोलता बोलता तिचा आवाज फाटला, तो मला ऐकू आला. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. जिंकल्यावर माणूस जरा बहिरं होतं.

सव्वा महिना मी माहेरी होते. बाबा दुपारी बाजारातून यायचे, हातपाय धुवायचे आणि माझ्या लेकीजवळ येऊन बसायचे. "काय वं चिमने, काय वं माय," असं काय काय म्हणायचे. एक दिवस मी म्हटलं, "बाबा, नावानं हाक मारा ना. आता तिचंच आहे ते."

"बारसं झाल्याबिगर कसं घेऊ?" बाबा म्हणाले. मेथी निवडायला घेतली आणि मग खाली मान घालून म्हणाले, "अन् मंग तू चालली जाशीन अकोल्याले."

"तर काय झालं? रोज व्हिडिओवर दाखवीन की."

"हाव, हाव," बाबा म्हणाले.

बाबांचा व्हिडिओ कॉल कसा असतो ते तुम्हाला ठाऊक नाही. ते फोन कानालाच लावतात. आम्हाला तासभर त्यांचा एक कान दिसतो आणि कानातले पांढरे केस. त्या कानाला मी माझी मुलगी दाखवणार होते. ती मोठी होऊन तिकडे अकोल्याच्या अंगणात धावणार, आणि बाबा इकडे फाटकात उभे राहून दुसरंच नाव हाकारणार. हे डोक्यात आलं आणि मला रडू कोसळलं. रडूपेक्षा राग जास्त आला. माझं नाव एकदा गेलं, आता हातात आलंय तर पुन्हा मीच सोडायचं? काहून? सगळा शहाणपणा मीच काहून करायचा? दोन दिवस मी घरात कोणाशी धड बोलले नाही. आईला वाटलं, दूध कमी पडतंय म्हणून मी चिडलेय. तिनं मला डिंकाचे लाडू वाढवले. मी रागाच्या भरात तेही सगळे खाल्ले.

तिसऱ्या दिवशी मी पातूरला नणंदेला फोन लावला. माझ्या लेकीची आत्या ती, नाव ठेवायचा मान तिचा, आणि तिनं मोठ्या मनानं बाबांचंच नाव कानात सांगायचं कबूल केलं होतं. म्हटलं, "ताई, ते नाव राहू द्या. तुम्हाला आवडेल ते ठेवा. पण इकडे कोणाला बोलू नका." तिनं काही विचारलं नाही. तासाभरात एकोणीस नावं मात्र पाठवली.

भावाच्या मुलीचं बारसं आमच्या बारशाच्या आधीच्या रविवारी अमरावतीलाच होतं. वहिनी दर्यापूरहून परत आली होती. पाळण्याला झेंडूच्या माळा, शेजारणी जमलेल्या, वरवंट्याला टोपडं घालून तो पाळण्याच्या खालून-वरून फिरवला. घुगऱ्यांचा वास घरभर सुटलेला. आई मला म्हणाली, "चाल, वाक. नाव ध्यानात आहे ना?" मी म्हटलं, आहे.

मी वाकले. भाची टक्क जागी होती आणि माझ्याकडे अशी पाहत होती की मी आता काय घोळ घालणार ते तिला कळलंय. मी कुर्रर्र केलं आणि तिच्या कानात बाबांचं नाव सांगितलं. मग सरळ झाले आणि तेच मोठ्यानं बोलले.

धपाटे घालायला वर गेलेले हात वरच राहिले. भावाचा आ वासलेला. "ताई! हे तं तुह्या पोरीचं..."

"कानात गेलं आता," मी म्हणाले. "परत काढता येत नाही."

वहिनी मटकन पाटावर बसली. हसत होती की रडत होती, दोन्ही बहुतेक. मग उठली आणि तिनं माझ्या पाठीत जो पहिला धपाटा घातला, अवं माय, कळवळले मी! त्याच्यामागून सगळ्यांचे पडले. आत्यानं आयत्या वेळी नाव बदललं म्हणून कोपऱ्यातली एक म्हातारी शेजारीण पुटपुटली, "यांच्या घरी हे चालूच आहे." बाबा घुगऱ्यांची परात घेऊन दारात उभे होते. त्यांनी परात खाली ठेवली, गमछ्यानं तोंड पुसलं आणि पुन्हा परात उचलून वाढायला लागले. नाव काही घेतलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मात्र घेतलं. बापा! सकाळी बाजारात जाताना, आल्यावर, मळ्यातून, मोरीतून. महिनाभराच्या पोरीला काय कळतं, ती आपली झोपलेली. आई म्हणाली, "अवो, पोरीचं नाव घासून घासून पातळ करसान." भाऊ फाटकापाशी उभा राहून मला म्हणाला, "ताई, मी तुह्याशी लय भांडलो." मी म्हटलं, पुढच्या वेळी भांड, आता मला बॅग बांधू दे.

गुरुवारी मला न्यायला नवरा आला. गाडीत पिशव्या, पाळणा, आईचे लाडू, बाबांनी दिलेली एवढी भाजी की अकोल्यात दुकान लावता आलं असतं. आईनं भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी लेकीला घेऊन मागे बसले, गाडी सुरू झाली, आणि फाटकातून बाबांनी ते नाव घेऊन हाक मारली. चांगली मोकळ्या गळ्यानं, मळ्याच्या पलीकडे जाईल अशी.

मी काच खाली केली. "बाबा, हळू ना! वहिनीची आत्ताच झोपली आहे. उठेल ती."

"तिले नाही," बाबा म्हणाले. ते गाडीजवळ आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुले मारली."

चौतीस वर्षांची बाई मी, मांडीवर लेकरू, शेजारी सामान, पुढे नवरा. मी "ओ, बाबा" म्हणाले.